प्रतिसाद: पाडायच्या आधी छत तरी बघा

वर एका दादांनी लिहिलंय की जुनं देऊळ, म्हणजे चर्च, गळतंय, मंडळी (चर्चला येणारे सभासद) लहान आहे, तेव्हा पाडून आरसीसीचं बांधावं. पैशाची अडचण मला कळते. आमच्या मंडळीत पावसाळ्यात वेदीजवळ दोन बादल्या ठेवायचो आणि उपासना चालू असताना टपटप ऐकू यायची. फक्त दशांशावर, म्हणजे सभासद कमाईचा दहावा भाग देतात त्यावर, दुरुस्तीचं काम होणार नव्हतं. सुगीच्या सणाला लोक आणतात त्या वस्तूंचा लिलाव कामी आला. एका आजींनी आणलेला भोपळा तीनदा विकला गेला, कारण घेणारा पुन्हा लिलावातच ठेवायचा! त्या पैशातून आधी फक्त कौलं आणि वासे बदलले. भिंती पुढच्या वर्षी.

एक कळकळीचं सांगणं. जुन्या दगडी भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि दगड झिजायला लागतो. पण भिंत उघडी ठेवणंही बरं नाही: गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिका या जुन्या चर्चचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला, तेव्हापासून तिथला जांभा पाऊस झेलतोय. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा, वेळ लागला तरी चालेल.

आणि मंडळी लहान आहे म्हणून धीर सोडू नका. मुंबईचं सेंट थॉमस चर्च कित्येक वर्षं अर्धवट पडून होतं. रिचर्ड कॉब या पाळकाने वर्गणीसाठी लोकांना साद घातली, काम पुन्हा उभं राहिलं आणि १७१८ च्या नाताळाला ते उपासनेसाठी उघडलं. चर्चगेट हे नाव त्याच्यावरूनच आलं.

दादा, छताचे फोटो टाकता का? वासे वाळवीने खाल्लेत की नुसती कौलं सरकलीत, ते बघू.