घरचा ग्रुप : ‘वन मोर लाइट’ नीट ऐकला होता का आपण?

छोटी: मोठे मामा, एक विचारायचं होतं. गेले दहा दिवस लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडचे अल्बम क्रमाने ऐकतेय, पहिल्या ‘हायब्रिड थिअरी’पासून. तुम्ही पाठवलेल्या फोल्डरमध्ये २०१४ च्या ‘द हंटिंग पार्टी’नंतर एकदम २०२४ चा ‘फ्रॉम झीरो’ येतो. मधला २०१७ चा ‘वन मोर लाइट’ नाहीच. चुकून राहिला का?

दादा: चुकून नाही. ठेवलाच नव्हता.

छोटी: का?

दादा: ऐकलास की कळेल.

छोटी: ऐकला ना. दोनदा. म्हणूनच विचारतेय.

ताई: हा विषय या घरात कुणीच काढत नाही गं. बरं झालं तू काढलास.

दादा: काढायचा नाही असं काही नाही. सांगतो. २००० मध्ये ‘हायब्रिड थिअरी’ आला तेव्हा मी अकरावीत होतो. बोलायला जमायचं नाही, राग आला की गप्प बसायचो. आणि या सहा जणांचं गाणं सुरू झालं की वाटायचं, माझ्या आत साठलंय ते हा माणूस माझ्यासाठी ओरडतोय. माइक शिनोडाचा रॅप, मागे डीजे हानचं रेकॉर्ड घासून काढलेलं स्क्रॅचिंग, मग गिटार एकदम अंगावर यायची आणि तिच्यावरून मुख्य गायक चेस्टरचा आवाज. शांत, मग स्फोट, परत शांत. तो साचा मला पाठ होता. २००३ चा ‘मेटिओरा’ही त्याच वळणाचा. म्हणून २०१७ मध्ये गिटार मागच्या मागे कुठेतरी, पुढे कीबोर्ड आणि कापलेल्या आवाजाचे तुकडे, असं ऐकल्यावर मला फसवल्यासारखं वाटलं. रेडिओवर कुणाचंही लागलं असतं तसं वाटत होतं. तेच माझं म्हणणं होतं आणि आजही आहे.

छोटी: पण साचा तर त्यांनी २००७ लाच मोडला होता ना? ‘मिनिट्स टू मिडनाइट’मध्ये रॅप दोनच गाण्यांत आहे. मी मोजला.

मी: बरोबर मोजलास. तेव्हाही आमच्याकडे असाच गहजब झाला होता. रिक रुबिन निर्माता म्हणून आला, त्याने बँड बिघडवला, असं दादा सगळ्यांना सांगत फिरायचा.

दादा: म्हणायचो. मग आवडला.

मी: आणि २०१० चा ‘अ थाउजंड सन्स’? अणुबॉम्बवाल्या ओपनहायमरचा आवाज मध्येच येतो, गाणी एकमेकांत मिसळतात, गिटार शोधावी लागते. ‘हा अल्बम आहे की रेडिओवरचं नाटक’ असं विचारलं होतंस मला.

दादा: तो कळायला चार वर्षं लागली. आज तो माझा पहिल्या दोनांत आहे.

काका: मध्ये बोलतो. तुमचं हे दुःख नवं नाही. १९६५ च्या जुलैमध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा समोरून हुर्यो झाली. पुढच्या वर्षी मँचेस्टरमध्ये तर श्रोत्यांतून कुणीतरी त्याला ‘जुडास’, म्हणजे येशूला दगा देणारा, अशी हाक मारली. ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. ती हाक ऐकली की अजून काटा येतो. गिटारला वीज जोडली एवढ्यासाठी विश्वासघातकी!

दादा: काका, डिलनने स्वतःचं काहीतरी नवं उभं केलं. इथे चालतं तेच उचललं होतं. बाहेरचे गीतकार घेतले, पाहुणी गायिका घेतली. दोन्हींत फरक आहे.

काका: तो फरक तेव्हा लोकांना दिसत नव्हता हेच तर सांगतोय. बरं, डिलन सोड, माझं सांगतो. मी मेटॅलिका या हेवी मेटल बँडचा चाहता. १९८८ च्या अल्बममधली गाणी सात-सात, आठ-आठ मिनिटांची, दर मिनिटाला चाल बदलणारी. ती पाठ असणं हे आमच्या चार मित्रांचं वैभव होतं. १९९१ मध्ये बॉब रॉक निर्माता झाला. काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम आला, गाणी आटोपशीर, संथ, कुणालाही गुणगुणता येतील अशी. मी महिनाभर चिडून होतो. खूप वर्षांनी उमगलं की राग गाण्यांवर नव्हताच, गर्दीवर होता. आमच्या चौघांचं होतं ते एकदम सगळ्यांचं झालं. तो अल्बम आज मी मनापासून ऐकतो. १९९६ चा मात्र तेव्हा नाही आवडला, आजही नाही. म्हणजे नुसता वेळ गेला की सगळंच आवडायला लागतं असंही नाही.

दादा: हे शेवटचं वाक्य माझ्या बाजूचं आहे काका.

काका: आहेच. घे.

ताई: माझी बाजू मांडू का? मला ‘वन मोर लाइट’ पहिल्या दिवसापासून आवडला. तेव्हा बोलले नाही, कारण तुम्हा दोघांसमोर त्या बँडबद्दल मी काही बोलले की ‘तुला जुनं माहीत नाही’ एवढंच ऐकायला मिळायचं. मला जुनं माहीत होतं. तुमच्या खोलीतून भिंतीपलीकडे रोज ऐकू यायचं. पण त्या ओरडण्यात मी कधी नव्हते. माझा राग तसा नाहीच. माझं मन जड झालं की मी हळू बोलते. त्या अल्बममध्ये पहिल्यांदा तो माणूस माझ्या आवाजाच्या उंचीवर येऊन बोलला.

मी: ताई, आम्ही खरंच असं बोलायचो?

ताई: बोलायचात. राग नाही आता.

दादा: हे मला आठवत नाही, पण तू म्हणतेस म्हणजे झालं असेल. चुकलंच ते.

छोटी: मला एक कळत नाहीये, विचारू? ‘फ्रॉम झीरो’मध्ये साउंड जुना आहे आणि आवाज नवा, एमिली आर्मस्ट्राँगचा. ‘वन मोर लाइट’मध्ये साउंड नवा आहे आणि आवाज जुनाच, चेस्टरचा. मोठे मामा, तुम्ही एमिलीचा अल्बम आला त्याच दिवशी मला पाठवलात. म्हणजे तुम्हाला गिटार हवी होती की चेस्टर?

(बराच वेळ कुणीच काही लिहीत नाही.)

दादा: अवघड विचारलंस.

दादा: तेव्हा विचारलं असतंस तर गिटार म्हणालो असतो.

आत्या: मी मघापासून वाचतेय. या बँडची मी चाहती नाही, त्यामुळे माझं मन कुणाकडेच झुकलेलं नाही. छोटीने लिंक पाठवली होती, दुपारी हेडफोन लावून दोन्ही ऐकले. २००० चा आणि २०१७ चा. गळ्याबद्दल तेवढं बोलू शकते. पहिल्यात तो वरच्या पट्टीत आवाज फाडतो, पण बेतालपणे नाही. श्वास पोटातून येतो आणि शब्द शेवटपर्यंत स्पष्ट राहतो. फार अवघड आहे ते, दोन ओळींत गळा बसेल कुणाचाही. मात्र तिथे त्याच्याभोवती गिटारची भिंत आहे. आवाजावर त्याच्याच आवाजाचे थर आहेत. काही कमी-जास्त झालं तरी आत झाकलं जाईल. दुसऱ्या अल्बममध्ये, विशेषतः नवव्या गाण्यात, भिंतच नाही. साथ जवळजवळ नाहीशी केली आहे. ओठ मिटल्याचंसुद्धा ऐकू येतं. असं गायला ओरडण्यापेक्षा जास्त धीर लागतो. मोठ्या आवाजात स्वर आपोआप धरला जातो, बारीक आवाजात तो सतत सांभाळावा लागतो. तुम्ही म्हणता तो मवाळ झाला. मला तो उघडा पडलेला वाटला.

काका: अगं, हे तू आधी का नाही सांगितलंस कधी?

आत्या: मला कुणी ऐकवलं होतं?

मी: आत्या, तू म्हणतेस त्यामागे कारण आहे बघ. पूर्वी त्यांचं संगीत आधी तयार व्हायचं आणि शब्द नंतर त्यात बसायचे. या अल्बमला त्यांनी उलट केलं. आधी शब्द आणि चाल, म्हणजे आधी काय सांगायचंय ते, आणि मग त्याभोवती वाद्यं. म्हणून वाद्यं अंग चोरून उभी आहेत. बॅंडच्या ओळखीतली एक मैत्रीण, त्यांच्याच रेकॉर्ड कंपनीत काम करणारी, कॅन्सरने गेली. नववं गाणं तिच्या जाण्यावर आहे. सातव्यात तर माइक आणि चेस्टरने जागा बदलल्यात, गातो माइक आणि भरभर शब्द टाकतो चेस्टर. त्यात माइक आपल्या मुलांशी बोलतो, बाहेरगावी राहावं लागतं त्याबद्दल. हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा यातलं काही शोधायचीही इच्छा नव्हती मला. गिटार नाही म्हटल्यावर मी कानच बंद केले होते.

दादा: तू पण नापासच केला होतास.

मी: हो. आणि मला तेच बोलायचंय, इतकी वर्षं तुझ्याशी बोलले नाही ते. अल्बम आला १९ मे २०१७ ला. आदल्याच दिवशी गायक ख्रिस कॉर्नेल गेला होता, चेस्टरचा जवळचा मित्र. तो गेला त्याच दिवशी टीव्हीवरच्या कार्यक्रमात त्यांनी नववं गाणं त्याच्यासाठी म्हटलं. ते मी तेव्हा पाहिलं होतं दादा. त्याचा आवाज थरथरत होता. आणि ते पाहून मी तुला काय लिहिलं? ‘याचा दम संपला आता.’ तो मेसेज माझ्याकडे अजून आहे. मग २० जुलैला चेस्टरने आयुष्य संपवल्याची बातमी आली. मध्ये ६२ दिवस. २०१० च्या अल्बमला आपण चार वर्षं दिली होती. याला ६२ दिवस मिळाले, आणि त्यातही आपण तो लावलाच नाही.

दादा: तो मेसेज मी विसरलोय.

मी: मी नाही विसरले.

ताई: तुझ्या एका मेसेजने काही झालं नाही गं. तो मनाच्या आजाराशी कितीतरी वर्षं झगडत होता. त्याने ते लपवलंही नव्हतं, पहिल्या अल्बमपासून गाण्यांत होतं.

मी: ते कळतं ताई. माझ्यामुळे झालं असं नाही म्हणत मी. मला एवढंच लागलंय की तो सर्वांत स्पष्ट बोलत होता तेव्हा मी काय नाही तेच मोजत बसले.

दादा: आता मी बोलतो, आणि कुणी वाईट वाटून घेऊ नका. तो गेला म्हणून अल्बम चांगला ठरत नाही. आदल्या दिवसापर्यंत शिव्या देणारे २१ जुलैपासून एकदम रडायला लागले, ते मला खोटं वाटलं होतं. म्हणून मी हट्टाने मत बदललं नाही. मला वाटलं, तो जिवंत असताना जे म्हटलं तेच म्हणत राहणं हा त्याचा मान आहे. दुसरं गाणं मला पोकळ वाटतं, चौथं पण. ते त्याच्यासमोरही सांगितलं असतं.

काका: हे मला पटतं. मत मेलेल्या माणसाच्या भीतीने बदलू नये.

आत्या: पटतं मलाही. पण मत ऐकून झालेलं असावं. किती वेळा ऐकलास रे पूर्ण?

दादा: खरं सांगू?

आत्या: खरंच सांग.

दादा: एकदाही नाही. सहाव्या गाण्याच्या पुढे गेलोच नाही. तेव्हा रागाने गेलो नाही. जुलैनंतर भीतीने.

छोटी: म्हणजे नववं गाणं तुम्ही ऐकलंच नाहीये?

दादा: अल्बममधलं नाही. त्या ऑक्टोबरमध्ये ‘हॉलिवूड बोल’ या खुल्या रंगमंचावर त्याच्या आठवणीचा कार्यक्रम झाला, तोही मी निम्म्यातून बंद केला. आणि छोटी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: एमिलीचा अल्बम मला सोपा गेला. तिथे तो आवाज नव्हताच, त्यामुळे घाबरायचं काही नव्हतं. गिटार होती. मी विशीतला असल्यासारखा ऐकला. मुलगी चांगली गाते, मनापासून गाते, त्यात काही वाद नाही. पण गिटार हवी होती हे उत्तर खरं नव्हतं, हे मला तू विचारल्यावर कळलं.

छोटी: मामा, मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं.

दादा: दुखवलं नाहीस बाळा. पाठव तो अल्बम. माझ्याकडे नाहीये.

छोटी: पाठवला. ३५ मिनिटांचा आहे फक्त.

ताई: मी पण लावते माझ्याकडे. एकाच वेळी सुरू करू या?

मी: मी पण.

काका: ९ वाजता.

(रात्री ९:२४)

दादा: सहावं संपलं. दुसरं आणि चौथं अजूनही नाही आवडलं.

दादा: सातवं माहीत नव्हतं मला. हा असाही गायचा?

(रात्री ९:५१)

ताई: दादा?

दादा: आहे. नववं परत लावलंय.