मदत हवी आहे: पाइप गॅसची लाइन सरकवायची आहे

मंडळी, कोथरूडला आमच्या स्वयंपाकघराचं काम काढलंय. ओटा खिडकीकडे जातोय, म्हणजे शेगडीही चार-पाच फूट सरकणार. कंत्राटदार म्हणतो, "मीटरजवळचा कॉक बंद करू, आपला प्लंबर तासाभरात जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप वाढवून देईल. ट्रॉलीमागे दिसणारसुद्धा नाही." मी साफ नाही म्हटलं. पाण्याचा सांधा गळला तर फरशी ओली होते, इथे घर जाईल. शिवाय हा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर चढून छताशी साठणार. सिलिंडरचा गॅस खाली बसतो, त्यामुळे सुतार अजून कपाटाची हवेची जाळी खालीच ठेवतात!

गॅस कंपनीकडे अर्ज करणार आहे. ज्यांनी अशी लाइन हलवून घेतली त्यांनी सांगा: दाबाची चाचणी गेज लावून तुमच्यासमोर केली, की नुसता साबणाचा फेस लावून निघून गेले? जुन्या फाट्याच्या तोंडाला प्लग बसवला का? नवा पाइप भिंतीवर उघडा ठेवला की फर्निचरमध्ये गेला? आणि शेगडीजवळचा कॉक हाताशी राहील असा कुठे घेतलात? फोटो असतील तर टाका, सुतार पुढच्या आठवड्यात येतोय.