मदत हवी आहे: 'झावावा'ला मराठीत काय म्हणू?

मंडळी, पुण्यातल्या आमच्या जपानीच्या वर्गात युद्धावरची गाणी ऐकवायची आहेत. जपानी गीतकार-संगीतकार तेराशिमा नाओहिको यांचं 'सातोकिबी बाताके', म्हणजे 'उसाचं शेत', घेतलंय. १९४५च्या ओकिनावाच्या लढाईत बाप गेलेली मुलगी त्याचा आवाज शोधत उसातून चालते. पानांच्या आवाजाचा शब्द 'झावावा' त्यात ६६ वेळा येतो! मी कोल्हापूरकडची, उसाचं पातं हाताला कापलेलं अजून आठवतं. 'सळसळ' फारच हलकं वाटतंय हो. दुसरा शब्द सुचतोय का कुणाला?

शिवाय, द बूम या जपानी बँडचं 'शिमा उता', म्हणजे 'बेटाचं गाणं' (१९९२), ऐकताना प्रेमगीत वाटतं, आत तीच लढाई. अशी वरून गोड, आतून बोचणारी आणखी कोणती? जपानच्या मिनामाता शहरातल्या पाऱ्याच्या विषबाधेवर, अणुभट्ट्यांवर असली तरी चालतील. रविवारच्या आत सांगा प्लीज.