अनुभव धागा: विंडोज १० गेलं, तुम्ही लिनक्सवर आलात का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. २०१५ मध्ये आलेली प्रणाली दहा वर्षं चालली, त्याबद्दल तक्रार नाही. वैताग आहे तो विंडोज ११ च्या अटींचा. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) हवं, सिक्युअर बूट (सुरू होताना प्रणाली अस्सल आहे का ते तपासणारी सोय) हवं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले धडधाकट लॅपटॉपही बाद.

माझ्या सातव्या पिढीच्या आय-फाइव्हवर मी लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट लिनक्स प्रणालीचा एक प्रकार) टाकलं, विंडोजही शेजारी ठेवलं. दोन्ही ठेवणाऱ्यांना एक गंमत हमखास दिसेल: लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलात की घड्याळ साडेपाच तास मागे. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात युटीसी (जागतिक प्रमाण) वेळ धरतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. टर्मिनलमधल्या एका कमांडने मिटतं, पण पहिल्यांदा बॅटरी गेली असंच वाटतं.

आता तुम्ही लिहा. टाकून परत गेला असाल तर जास्तच लिहा. फक्त ‘लिनक्स भारी’ किंवा ‘लिनक्स भिकार’ एवढ्यावर थांबू नका. मशीन कोणतं, काम काय, अडलं कुठे ते सांगा.

डोंबिवलीची सून
लॅपटॉप सासूबाईंचा, रॅम ४ जीबी. मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. त्यांचं सगळं जग ब्राउझरमध्येच: कीर्तनं, व्हॉट्सअ‍ॅप वेब, नातवाचा व्हिडिओ कॉल. दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न आला, “माझा पत्त्यांचा डाव कुठे गेला गं?” सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये तसाच खेळ मिळाला, विषय संपला. मराठी टायपिंगची मला धास्ती होती, पण आयबसच्या (लिनक्समधल्या टायपिंगच्या सोयीच्या) यादीत इनस्क्रिप्ट कीबोर्डच्या जोडीला चक्क गमभन, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याची पद्धत, निघालं. खरं सांगायचं तर वेग वाढला तो लिनक्सपेक्षा नव्या एसएसडीमुळे (वेगवान डिस्कमुळे). आणि ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडले की आजही धाप लागतेच.

सांगलीकर करसल्लागार
मी परत गेलो. हिशेबाचं पॅकेज विंडोजचंच, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर लिनक्सवर कसाबसा चालला, तर पोर्टलवर सही करणारं युटिलिटी रुसलं. रिटर्नची शेवटची तारीख तोंडावर असताना असले प्रयोग कोण करणार? ऑफिसात नवीन मशीन घेतलं, जुनं घरी मुलीला दिलं. तिथे उबुंटू (लिनक्सचाच दुसरा प्रकार) मजेत चाललंय.

खिळा ते डीटीपी
आमचा छोटा छापखाना आहे. वीसेक वर्षांच्या लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक, सगळं जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये. त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली असतात. फॉन्टची टीटीएफ फाइल लिनक्समध्ये कॉपी केली तर लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये) मजकूर दिसतो, छापताही येतो. पण नवीन मजकूर टाइप करायचा तर त्या फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगल (परवाना तपासणारी, मशीनला जोडायची चावी) मागतं, आणि डोंगल विंडोजशिवाय बोलत नाही. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या फाइल इंकस्केप या तशाच फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहिल्या. साधी रेघ-चौकट आली, गणपतीभोवतीच्या वेलबुट्टीचं भजं झालं. वाइनमध्येही (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) खटपट केली, डोंगलपाशीच गाडी अडली.

शेवटी असं केलंय: विंडोज १० चं मशीन तसंच ठेवलं, पण त्याची नेटची केबल काढून टाकली. गिऱ्हाइकाची मेल, पेन ड्राइव्ह, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो आधी लिनक्सच्या मशीनवर घ्यायचे, तपासायचे, मग आत पाठवायचे. हेलपाटा आहे. पण आत आता कोणाचाही व्हायरस येत नाही, आणि भाचा कामाच्या वेळी क्रिकेट बघत नाही, हा वरचा नफा.

वाचनमात्र
@खिळा ते डीटीपी, जुना मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये का नाही आणत?

खिळा ते डीटीपी
आणतो की. पण रफार आणि जोडाक्षरं दर पानाला हाताने तपासावी लागतात. ‘कार्य’चं ‘काय’ झालेली पत्रिका नवरदेवाच्या बापाला तुम्ही देणार का?

म्युनिकवासी
मी काहीच केलं नाही. युरोपात एक वर्षाचे जादा सुरक्षा अपडेट फुकट मिळाले, मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की झालं. ऑक्टोबर २०२६ पर्यंत निवांत.

जुनं खोड
दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्यांनी आधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करावं. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) काही लिहिता येत नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपवर सेव्ह केलेली की कामाची नाही.

नवखी
माझ्याकडे ८ जीबीचा पेन ड्राइव्ह आहे. मिंट टाकायला चालेल?

जुनं खोड
चालेल, मिंटची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) साधारण ३ जीबीची असते. पेन ड्राइव्हवर आधी काही असेल तर ते पुसलं जाईल. इन्स्टॉलचं बटण लगेच दाबू नका ताई, लाइव्ह (इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच) चालवून वाय-फाय, आवाज, प्रिंटर तपासा. वाय-फाय दिसलं नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा (म्हणजे मोबाइलचं नेट लॅपटॉपला द्या) आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा. बहुतेक तिथेच सापडतो. प्रिंटर मात्र दुकानदाराचं ऐकून घेऊ नका, मॉडेल नंबर इथे टाका.