फाइलची वेळ जशीच्या तशी लावणे: लिनक्स, विंडोज, मॅक आणि पेनड्राइव्हसाठी सी कोड

सातपूरकर
नाशिकच्या सातपूर आणि अंबड एमआयडीसीतल्या दोन शेडमध्ये सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशिनच्या प्रोग्रामच्या फाइली ने-आण करायला सीमध्ये छोटं टूल लिहितोय. मूळ फाइली लिनक्स सर्व्हरवर, डिझाइनला विंडोज आणि एक मॅक, मशिनपर्यंत फॅट३२ (फाइली साठवायची जुनी पद्धत) पेनड्राइव्ह. कॉपीनंतर मूळ वेळ लावायला 'यूटाइम' हे फंक्शन वापरलंय. अडचणी अशा:
– वेळ लावूनही काही फाइलींवर आत्ताचीच वेळ दिसते.
– पेनड्राइव्हवर बदल नसलेल्या फाइलीही दर वेळी पुन्हा कॉपी होतात.
– विंडोजवर फोल्डरला वेळ लागत नाही, देवनागरी नावाच्या फाइली उघडत नाहीत.

गोदाकाठ
पहिली अडचण क्रमाची आहे. 'एफराइट'ने लिहिलेला डेटा आधी बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) पडून असतो. तुम्ही वेळ लावता, मग 'एफक्लोज' तो बफर डिस्कवर लिहितो आणि वेळ पुन्हा बदलते. म्हणून आधी 'एफफ्लश' (बफर लगेच लिहून टाकतं), त्याचं उत्तर तपासा, मग 'फ्यूटाइमेन्स' (उघड्या फाइलला वेळ लावतं), शेवटी 'एफक्लोज'. किंवा फाइल बंद करून मग नावावरून 'यूटाइमेन्सॅट'. लहान फाइलींवरच हे जास्त दिसतं, कारण त्या अख्ख्या बफरमध्ये मावतात.

'यूटाइम' सोडाच. ते फक्त सेकंदापर्यंत जातं आणि पोझिक्स २००८ (युनिक्ससारख्या सिस्टिमचं मानक) ने ते कालबाह्य ठरवलंय. 'यूटाइमेन्सॅट' नॅनोसेकंद घेतं, मॅकवर १०.१३ पासून आहे. दोन घरांच्या अ‍ॅरेत पहिलं घर वाचल्याची वेळ, दुसरं बदलल्याची. इथे अदलाबदल फार होते. एकच बदलायची असेल तर जी बदलायची नाही तिच्या घराच्या नॅनोसेकंदात 'यूटाइम_ओमिट'. वेळ वाचताना लिनक्सवर 'एसटी_एमटिम' हे फील्ड, मॅकवर 'एसटी_एमटाइमस्पेक'. 'ईपर्म' (परवानगी नसल्याचा एरर) आला तर फाइलची मालकी बघा: ठरावीक वेळ लावायला मालक किंवा रूटच (सर्वाधिकारी वापरकर्ता) लागतो, नुसती लिहिण्याची परवानगी पुरत नाही.

अंबड_लिंक_रोड
विंडोजचा भाग वेगळ्या .सी फाइलमध्ये ठेवा, मेकफाइल (कंपाइलच्या सूचनांची फाइल) ठरवेल कोणती घ्यायची. कोडभर '#इफडेफ' (सिस्टिमनुसार कोड गाळणाऱ्या अटी) पेरू नका.

तिथलं 'यूटाइम' आतून फाइल लिहिण्यासाठी उघडतं, म्हणून फोल्डरवर आणि रीड-ओन्ली फाइलवर अडतं. त्याऐवजी 'क्रिएटफाइलडब्ल्यू'ला 'फाइल_राइट_अ‍ॅट्रिब्यूट्स' एवढाच हक्क मागा. फोल्डरसाठी 'फाइल_फ्लॅग_बॅकअप_सिमँटिक्स' हवाच. नाव यूटीएफ-८ मधून यूटीएफ-१६ मध्ये (अक्षरं साठवायच्या दोन पद्धती) 'मल्टीबाइटटूवाइडचार'ने बदललंत की देवनागरीचा प्रश्न मिटतो. मग 'सेटफाइलटाइम', जी वेळ बदलायची नाही तिथे नल.

गणित: विंडोजची मोजणी १ जानेवारी १६०१ पासून, १०० नॅनोसेकंदांच्या एककात. म्हणजे (सेकंद + ११६४४४७३६००) × १००००००० + नॅनोसेकंद ÷ १००. सगळं ६४-बिटमध्ये करा. ३२-बिट व्हेरिएबलमध्ये हे ओव्हरफ्लो होतं, आणि कंपायलर इशारा देईलच असं नाही.

गोदाकाठ
पेनड्राइव्हचं दुखणं कोडमध्ये नाही, फॅटमध्ये आहे. तिथे बदलाची वेळ २ सेकंदांच्या टप्प्याने साठते. मूळ फाइल १०:१५:०७ ची, पेनड्राइव्हवर ती १०:१५:०६ होते आणि टूलला मूळ फाइल कायम नवी वाटते. तुलनेत २ सेकंदांची ढील ठेवा.

शिवाय फॅट स्थानिक वेळ साठवतं, कुठला टाइमझोन ते लिहीत नाही. विंडोजवर दुपारी १२ ला सेव्ह केलेली फाइल यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालणाऱ्या लिनक्सने वाचली तर ती आपल्या वेळेने संध्याकाळी ५:३० ची दिसते. बरोब्बर साडेपाच तासांचा फरक दिसला की हेच कारण. लिनक्सवर पेनड्राइव्ह माउंट करताना (जोडताना) 'टाइम_ऑफसेट=३३०' द्या, आकडा मिनिटांत आहे. कोडमध्ये १९८०० सेकंद वजा करायचा मोह टाळा. विंडोजवर तोच कोड उलटा चुकेल.

सातपूरकर
क्रम बदलल्यावर पहिली अडचण गेली. पण ढील दिली तर २ सेकंदांच्या आत खरंच बदललेली फाइल सुटणार नाही का?

अंबड_लिंक_रोड
सुटू शकते, आणि साइझवरही विसंबू नका. एक्स१२.५० चं एक्स१२.०५ झालं तर बाइट तेवढेच राहतात आणि जॉब रिजेक्ट होतो. वेळ ढिलीत आणि साइझ सारखी, एवढ्याच बाबतीत 'मेमसीएमपी'ने मजकूर ताडून बघा. या फाइली बहुधा काही केबीच्याच असतात, वेळ लागत नाही.