मंडे नाइटचे जुने अमेरिकन फुटबॉल सामने: भाच्यासाठी कुठले बघून ठेवू?

फोंड्याचा_मामा

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत वाढलाय, यंदा चवथीला घरी येतोय. पोरगा गुणी आहे, मराठीही बोलतो, पण 'जेवलास का' आणि 'झोप झाली का' यापुढे आमची गाडी जात नाही. अमेरिकन फुटबॉल म्हणजे त्याचा जीव की प्राण. म्हणून गेल्या सीझनपासून मीही बघायला लागलो. तिकडचा सोमवार रात्रीचा सामना, म्हणजेच 'मंडे नाइट', आपल्याकडे मंगळवारी पहाटे पावणेसहाच्या सुमाराला लागतो, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की पावणेसातला. बायको म्हणते, कॉलेजात असताना एवढ्या लवकर उठला असता तर कलेक्टर झाला असता.

चार प्रयत्नांत दहा यार्ड, टचडाऊनला सहा गुण, इथवर समजतं. अडतं ते जुन्या सामन्यांपाशी. इंटरनेटवर 'टॉप टेन' याद्या ढिगाने आहेत, त्या नकोत. तुमच्यापैकी कुणी खरंच पाहिलेलं काही असेल तर सांगा.

म्हापशेचा_तारवटी

मामा, क्लिपा त्याने तुमच्यापेक्षा जास्त पाहिलेल्या असणार, त्यात तुम्ही त्याला गाठू शकणार नाही. क्लिप सुरू होण्याच्या आधी काय झालं होतं, ते त्याला बहुतेक माहीत नसेल. तिथून धरा.

मी फ्लोरिडाहून सुटणाऱ्या क्रूझ शिपवर बारमध्ये कामाला होतो. सोमवारी रात्री क्रू बारचा टीव्ही अमेरिकन पोरांच्या ताब्यात. आम्ही गोंयकार आणि फिलिपिनो मागे उभे राहून चेष्टा करायचो, की हे खेळतात कमी आणि सभाच जास्त घेतात. २५ सप्टेंबर २००६ ला मात्र कुणी चेष्टा केली नाही. आमच्या थिएटरचा लाइटवाला न्यू ऑर्लिन्सचा होता. आदल्या वर्षीच्या कॅट्रिना वादळात त्याच्या आईचं घर पाण्याखाली गेलं होतं. तिथलं सुपरडोम स्टेडियम, जिथे हजारो लोक आसऱ्याला जमले होते, त्याच्या छपराचा भाग वाऱ्याने उडाला. आत वीज नाही, संडास तुंबलेले. वादळानंतर सरकारने काही क्रूझ जहाजं भाड्याने घेऊन तिथल्या लोकांना राहायला दिली होती, त्यामुळे आमच्या लाइनीत ही गोष्ट ऐकीव नव्हती.

न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्स संघाला २००५ च्या अख्ख्या सीझनला घरचं मैदान नव्हतं. कधी सॅन अँटोनियो, कधी बॅटन रूज. एक 'घरचा' सामना तर चक्क न्यू जर्सीत, जायंट्सच्या स्टेडियमवर. हे भाच्याला मुद्दाम सांगा. सोळापैकी तेरा सामने हरले.

आणि मग त्या सोमवारी सुपरडोम पुन्हा उघडलं. समोर अटलांटा फाल्कन्स. त्यांची पहिलीच खेप अडली, म्हणून पंट करायला, म्हणजे चेंडू लाथेने लांब धाडायला उभे राहिले. सेंट्सचा स्टीव्ह ग्लीसन मधल्या फटीतून सुसाट घुसला आणि पायावरून सुटता सुटताच चेंडू हातांनी अडवला. त्यांच्याच कर्टिस डेलोचने एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, त्यावर झेप घेतली. टचडाऊन! सामना सुरू होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. समालोचक बराच वेळ बोललेच नाहीत, नुसता स्टेडियमचा गजर. आमच्या लाइटवाल्याने आपलं क्रू कार्ड बारवर आपटलं: सगळ्यांना बिअर, माझ्या नावावर. महिनाअखेरीस बिल बघून तोंड एवढंसं झालं होतं त्याचं.

पुढचा सामना खरं सांगायचं तर रटाळ. २३-३. पहिला क्वार्टर, म्हणजे पहिला पाव भाग, बघा आणि सोडा. ग्लीसनला पुढे २०११ मध्ये एएलएस या मज्जातंतूंच्या आजाराचं निदान झालं, हातपाय आणि वाचा गेली. त्या पंट अडवण्याचा पुतळा २०१२ पासून स्टेडियमबाहेर उभा आहे.

त्या रात्रीच्या समालोचकांत जो थिसमन होता, हेही ध्यानात ठेवा. हाच थिसमन १८ नोव्हेंबर १९८५ ला वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, तोही मंडे नाइटलाच. जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने त्याला पाडलं आणि पाय नडगीत मोडला. टेलर स्वतःच उठून बेंचकडे हातवारे करत मदत बोलावू लागला. थिसमन पुन्हा कधी खेळला नाही. ती क्लिप चवथीच्या पंगतीत लावू नका, एवढंच सांगतो.

अजून एक, खेळाबाहेरचं. ८ डिसेंबर १९८०, मायामी विरुद्ध न्यू इंग्लंड, सामना बरोबरीत, शेवटचे काही सेकंद. बीटल्सच्या जॉन लेननला गोळ्या घातल्याची बातमी सामना दाखवणाऱ्या एबीसी वाहिनीकडे आली, कारण त्यांचा एक वृत्तनिर्माता मोटारसायकलच्या अपघातात जखमी होऊन नेमका त्याच रुग्णालयात पडला होता. समालोचक हॉवर्ड कोसेल सांगावं की नाही या विचारात होता, त्याचा जोडीदार फ्रँक गिफर्डने त्याला भरीस घातलं आणि कोसेलने ती सामन्यातच सांगितली. किती अमेरिकनांना लेनन गेल्याचं फुटबॉलच्या समालोचकाकडून कळलं! कोसेलने त्याच लेननची १९७४ च्या डिसेंबरात मंडे नाइटच्याच समालोचन बूथमध्ये मुलाखत घेतली होती. यादीवाले हा भाग बहुधा गाळतात, आणि मला तर तोच जास्त टोचतो.

बांबोळीची_सिस्टर

मला ह्या खेळातलं काही कळत नाही, पण एक सामना आम्हा नर्सना ट्रेनिंगमध्ये दाखवला होता. २ जानेवारी २०२३, बफेलो विरुद्ध सिनसिनाटी. डमार हॅमलिनने समोरच्याला अडवलं, उठून उभा राहिला आणि कोसळला. छातीवर हृदयाच्या ठोक्याच्या एका विशिष्ट क्षणीच जोरात मार बसला तर हृदय थरथरत राहतं, रक्त पुढे जात नाही. याला कमोशियो कॉर्डिस म्हणतात. मैदानातच सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) आणि शॉक दिला म्हणून वाचला. सामना तिथेच थांबला आणि पुढे रद्दच झाला. शुद्धीवर आल्यावर त्याने कागदावर लिहून विचारलं, आपण जिंकलो का? त्याच वर्षी परत खेळायलाही लागला. मामा, भाच्याला सीपीआर येतो का विचारा. नसेल तर दोघे मिळून शिका.

फातोर्डा_ईस्ट_स्टँड

न्यू जर्सीचा म्हणजे जेट्सवाला की जायंट्सवाला, ते आधी विचारून घ्या. चुकीच्या संघाचं कौतुक केलं तर नेवऱ्यासुद्धा खाणार नाही. जेट्सवाला असला तर २३ ऑक्टोबर २०००. मायामी तीन क्वार्टरनंतर ३०-७ ने पुढे, अर्धं स्टेडियम पार्किंगकडे. शेवटच्या क्वार्टरात जेट्सनी ३० गुण ठोकले. बरोबरी साधणारा झेल कुणी घेतला? जम्बो एलियटने, ज्याचं काम एरवी फक्त धक्के देऊन रस्ता करायचं. ओव्हरटाइममध्ये ४०-३७.

मायामीवाल्यांचं काय झालं असेल ते आम्हाला विचारा. २०१५ ची आयएसएलची, म्हणजे आपल्या साध्या फुटबॉलच्या लीगची फायनल, आपलं फातोर्डा, एफसी गोवा ८७ व्या मिनिटाला २-१ पुढे. शेजारचा फटाके काढून बसलेला. चेन्नईने शेवटी शेवटी दोन घातले. फटाके घरी नेले.

फोंड्याचा_मामा

देव बरें करूं सगळ्यांचं. पोरगा जेट्सवालाच आहे, बहिणीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, 'बिचारा.' सिस्टर, सीपीआरचं मनावर घेतो.

तारवटीबाब, आता एकच. त्याला कोडं घालता येईल असं काही आहे का? मामालाही काही येतं, हे त्याला दिसू दे.

म्हापशेचा_तारवटी

आहे. ३ जानेवारी १९८३, डॅलस काउबॉइज विरुद्ध मिनेसोटा व्हायकिंग्ज, चौथा क्वार्टर. काउबॉइज स्वतःच्या एक यार्डाच्या रेषेवर अडकलेले. टोनी डॉर्सेट चेंडू घेऊन निघतो तो थेट पलीकडच्या टोकाला, ९९ यार्ड. याहून लांब धाव नियमानेच शक्य नाही. भाच्याला क्लिप लावून द्या आणि विचारा, यात खटकतंय काय? उत्तर: काउबॉइजचे अकराऐवजी दहाच खेळाडू मैदानात होते, फुलबॅक रॉन स्प्रिंग्स बाहेरच राहिला. दुसरा प्रश्न, सामना कोण जिंकलं? व्हायकिंग्ज, ३१-२७.

पोरगा हुशार असेल तर तो उलट विचारेल, ९९ यार्ड पुन्हा कुणी धावलं का? टेनेसीचा डेरिक हेन्री, २०१८ च्या डिसेंबरात, जॅक्सनव्हिलविरुद्ध, गुरुवारच्या रात्रीच्या सामन्यात. हे उत्तर खिशात ठेवा, लगेच काढू नका.