ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या स्वयंपाकघरात चिमणी कशी बसवावी?

प्रश्न: कडप्प्याचा ओटा, दोन बर्नरची शेगडी. खिडकीवर एक्झॉस्ट फॅनचं १० इंची भोक आहे. चिमणी केवढी घ्यावी? पाइप कुठून काढावा?

उत्तर १: ६० सेंमी पुरे. शेगडीपासून ६५ ते ७५ सेंमीवर लावा. रोज फोडण्या होत असतील तर बॅफल फिल्टरच (वाकवलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचा) घ्या, जाळीचा लगेच तुंबतो. पाइप फॅनच्याच भोकातून काढा, बीम फोडू नका. उरलेल्या जागेला पत्रा लावा.

उत्तर २: पाइप ६ इंचीच हवा. ४ इंची लावला की आवाज वाढतो, धूर घरातच राहतो. पाइप पूर्ण ताणा, सुरकुत्यांत तेल साचतं. बाहेर झडपेचं तोंड बसवा, नाहीतर पावसात पाणी आत येईल.

प्रश्नकर्ता: चिमणी लावायच्या भिंतीचा गिलावा ठोकला की पोकळ वाजतोय.

उत्तर १: मग तेवढा आधी काढा. रावळप्लग (स्क्रू पकडणारी भिंतीतली गुल्ली) विटेतच बसला पाहिजे.